सतरा चौकोन, सतरा नावं

शुक्रवार, ९ नोव्हेंबर १९७९.
नळ पावणेसहाला आला, सव्वासहाला गेला. दोन पिंपं भरली, तिसरं अर्धं राहिलं. बाळाबाई कामाला उशिरा आली. तिच्या सुनेला ताप. दुपारी अडीच वाजता छापखान्याची हातगाडी दारात आली. मुलांच्या पुस्तकाच्या तीनशे प्रती, सुतळीनं बांधलेले बारा गठ्ठे, मधल्या खोलीत ठेवून घेतले. एक गठ्ठा सोडून पाहिला. पुस्तकात एकाही मुलाचं नाव नाही. चांगुणाचंही नाही. रात्री जेवले नाही.

ही नोंद माझ्या रोजनिशीतून जशीच्या तशी उतरवली आहे. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरांनी शिकवलं होतं, की रोजनिशीत आधी घडलं ते लिहायचं; आपल्याला काय वाटलं ते दुसऱ्या दिवशी, राग निवल्यावर. पंचावन्न वर्षं मी तो नियम पाळत आले. या वेळी दुसऱ्या दिवशी राग निवला नाही, आणि तिसऱ्या दिवशीही नाही. आता महिना होत आला. म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहिते आहे.

लिहायचं आहे ते चांगुणा शिवशरण हिच्याविषयी. ती महापालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवते. वय छत्तीस. शाळा मागांच्या वस्तीत आहे. वर्गाच्या खिडकीबाहेर सकाळी सातपासून यंत्रमाग खडखडत असतात. त्यावर मात करता करता तिचा आवाज कायमचा चढला आहे. बसमध्ये, बँकेत, दवाखान्यातसुद्धा ती वर्गात बोलल्यासारखी बोलते. आमच्या भगिनी मंडळात तिच्या आवाजाची नक्कल होत असे. मंडळात येणाऱ्या इतर शिक्षिकांना सगळ्या 'बाई' म्हणत, हिला नुसतं 'चांगुणा'. मीही तेच म्हणत होते. त्याचं कारण कुणी कधी बोलून दाखवलं नाही आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

यंदा बालवर्ष. मंडळानं मुलांसाठी काहीतरी करावं असं ठरलं. माझ्या भाचीनं परदेशातून येताना मुलांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. मोठ्या शहरातले ऋतू, त्यांवर तीन-तीन ओळींच्या कविता आणि शेजारी चित्रं. हायकू म्हणतात त्या प्रकाराला, मूळ जपानातला. पहिल्या ओळीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत पुन्हा पाच, आणि कुठंतरी ऋतूची एक खूण. मी मंडळात सुचवलं, की आपल्या शहरातल्या मुलांकडून असं लिहून घेऊ, चित्रं काढून घेऊ आणि चौदा नोव्हेंबरला पुस्तक काढू. ठराव झाला. शाळा चांगुणाची ठरली, कारण दुसरी कुठली शाळा तयार नव्हती.

जुलैमध्ये मी पहिल्यांदा वर्गावर गेले. सोबत इंग्रजी पुस्तक, आणि मी स्वतः सुवाच्य अक्षरात केलेली ऋतूंच्या खुणांची यादी. चेरीचा मोहोर. तळ्यातला बेडूक. शरदातला चंद्र. बर्फ.

"बर्फ म्हंजे गोळ्यावाल्याचा का?" एकानं विचारलं.

"नाही बाळ. आकाशातून पडतो तो."

"मग आपल्यात गारा पडत्यात की."

"आनि चेरी?" मागून एक मुलगी. "पावावर लावत्यात ती लाल?"

वर्ग हसला. मी तासभर समजावलं. पाच-सात-पाच फळ्यावर लिहिलं, बोटांवर मोजून दाखवलं. मुलं माझ्याकडे पाहुण्या माणसाकडे पाहावं तशी पाहत राहिली. तास संपल्यावर चांगुणानं माझी यादी घडी घालून माझ्या हातात दिली.

"माई, ही पिशवीत ठेवा. हितल्या उन्हानं पिवळी पडंल."

मला राग आला. तो तिच्यावरचा होता, हे लिहिलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत 'चांगुणा उद्धट' असे दोन शब्द आहेत. ते मी खोडलेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात गेले तर बाकांवर चौकोनी रेघांचे कागद. चादरीच्या कारखान्यातले होते, एका बाजूनं वापरून टाकलेले. चादरीवर जी नक्षी येते ती आधी अशा कागदावर काढतात. कागदावर हजारो बारीक चौकोन असतात आणि ज्या चौकोनात रंग भरला तिथं तो धागा वर येतो. चांगुणा मुलांना सांगत होती, "एका चौकोनात एक अक्षर. वर पाच, खाली सात, त्याच्या खाली पाच. चौकोनाच्या बाहेर गेलात की धागा तुटला."

ज्यात माझा एक तास वाया गेला होता, ते मुलांना पाच मिनिटांत कळलं. निम्म्यांच्या घरी माग होते.

मग ती म्हणाली, "डोळे मिटा. कॅलेंडर नाही, घड्याळ नाही. कुठला महिना चाललाय, कशावरून सांगाल?"

"नालीवरनं," भीमा नावाचा मुलगा लगेच म्हणाला. "लग्नसराई जवळ आली की रंगवाले लाल सूत धुत्यात. नाली लाल हुती."

"आमच्या बापाच्या तोंडावरनं," बसव्वा म्हणाली. तिचा बाप गुरप्पा चादरीच्या मागावर आहे. "थंडी याच्या आदी चादरीची लई घाई असती. बाप घरी येतो ते म्हाताराच होऊन. पांढऱ्या भुवया."

"आता हेच चौकोनात बसवा," चांगुणा म्हणाली.

दोन महिने ते चाललं. मी आठवड्यातून दोनदा जात होते आणि घरी येऊन कुणी काय लिहिलं ते नावासकट, तारखेसकट रोजनिशीत टिपत होते. ही भीमाची:

लाल ही नाली
लग्न कुणाचं तरी
जवळ आलं

आणि ही बसव्वाची:

थंडी आली की
बापाच्या भुवयांना
कापूस येतो

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा एकीनं अशी धरली:

गड्डा संपला
पाळण्याच्या खड्ड्यात
बसलं कुत्रं

आकाशपाळणा उचलून नेल्यावर खांबांचे खड्डे उरतात. मी चाळीस वर्षं ती जत्रा पाहते आहे. खड्डे कधी पाहिले नव्हते.

तरीही मी सुधारणा केल्या. सवयच ती. सप्टेंबरमध्ये वह्या घरी आणल्या, 'नाली'च्या जागी 'नदी' केलं आणि मनकर्णा नावाच्या मुलीच्या कवितेची शेवटची ओळ बदलली. मनकर्णा वर्गात सगळ्यात कमी बोलणारी. तिनं लिहिलं होतं:

माग थांबले
गल्लीत ऐकू येतो
आजीचा दमा

मी 'आजीची ओवी' केलं. अक्षरं बरोबर पाच भरत होती. मला वाटलं, किती गोड झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात चांगुणानं ते वाचलं आणि तिचा तो चढा आवाज एकदम खाली आला. "माई, आजीला ओवी कुठली? तिला दमा हाय."

"पण मुलांच्या पुस्तकात दमा..."

"पोरीच्या घरात हाय, तर पुस्तकात का नको?"

"आणि यात ऋतू कुठला? माग थांबणं हा काही ऋतू नव्हे."

"मंदीचा," मनकर्णा तेवढ्यात म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला. "मंदी आली की माग बंद. मंग गल्लीत समदं ऐकू येतं."

मी रबर मागितलं आणि माझी ओवी खोडली. नदीही खोडली.

चित्रं मुलांनी रेखली आणि चांगुणानं त्याच चौकोनी कागदांवर रंग भरून पुरी केली. गुरप्पाच्या भुवया तिनं रंगवल्याच नाहीत. सगळा चेहरा भरला आणि भुवयांचे चौकोन कोरे सोडले. मी विचारलं, असा हात कुठं बसला? तेव्हा तिची हकीकत कळली.

तिचे वडील धोंडिराम गिरणीत झाडकाम करत. अकराव्या वर्षी चांगुणा एका चादरीच्या कारखान्यात चौकोन भरायला बसली. बारीक कुंचला, समोर नक्षीचा कागद, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. नऊ वर्षं. संध्याकाळी रात्रशाळा, मग मॅट्रिक, मग शिक्षिकेचा कोर्स. सुरुवातीला दुसऱ्यांच्या नक्ष्या भरल्या; सोळाव्या वर्षी स्वतःची काढली. मधे कमळांचं तळं, चारी कडेनं बदकं. मालकाला आवडली. तिनं कागदाच्या कोपऱ्यात नाव लिहिलं होतं, ते मालकानं फाडून काढलं. म्हणाला, "नाव कशाला? नक्षीला नंबर असतो." नंबर पडला दोनशे चौदा.

"लई खपली ती," चांगुणा म्हणाली. "अजून खपती. कुणाच्याबी घरी जावा, माझी बदकं पसरलेली असतात."

माझ्या पलंगावर तीच चादर आहे. यजमान असताना घेतलेली. ते आजारी असताना अंगावर तीच होती.

म्हणून नावाचं तिला एवढं होतं. पुस्तकासाठी तिनं सतरा मुलांच्या सतरा कविता निवडल्या, कारण पाच, सात आणि पाच मिळून चौकोन सतरा होतात; आणि वर्गाला शब्द दिला: "प्रत्येकाच्या कवितेखाली त्याचं नाव छापून येईल. छापलेलं कुणाला फाडून काढता येत नाही." मुलांनी ते गल्लीभर सांगितलं. दिवाळीच्या तोंडावर मंदी आलीच. मनकर्णाच्या वडिलांचा माग बंद पडला आणि ते बिऱ्हाड मंद्रूपला मामाकडे गेलं. जाताना तिचे वडील हिंदुराव शाळेत येऊन सांगून गेले, "बाई, पोरीचं नाव छापून येनार हाय न्हवं? चौदा तारखेला मी घेऊन येतो तिला. कसंबी करून येतो."

आता चूक लिहिते. ती दोघींची आहे.

चांगुणानं सतरा कागद पुरे केले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक ते सतरा नंबर टाकले. नावं टाकली नाहीत. नऊ वर्षांची सवय. नक्षी पुरी झाली की हात कोपऱ्यात जातो आणि नंबर टाकतो. कोणता नंबर कुणाचा ते तिच्या हजेरीबुकात होतं. त्या कागदांवरच्या कविता छापखान्यासाठी स्वच्छ उतरवायचं काम मी मागून घेतलं, कारण माझं अक्षर चांगलं. उतरवताना मला ते आकडे पानावर खटकले. तीन ओळींच्या नाजूक कवितेशेजारी '९' बरा दिसत नाही, म्हणून मी ते गाळले. नावं छापताना घालतीलच, असं धरून चालले. ती प्रत मी मंडळाच्या अध्यक्षा काशीताई करकंबकर यांच्या हातात दिली.

नऊ तारखेला जे छापून आलं त्याच्या पहिल्या पानावर मंडळाच्या सभासदांचा फोटो. दुसऱ्या पानावर 'संकल्पना व रचना: भगिनी मंडळ'. खाली 'चित्रे' आणि काशीताईंच्या सुनेचं नाव. मग सतरा कविता. प्रत्येकीखाली चार बोटं कोरी जागा.

त्याच संध्याकाळी मी पुस्तक घेऊन काशीताईंकडे गेले. त्या झोपाळ्यावर बसून भाषण पाठ करत होत्या.

"माई! कसं झालंय? कागद किती छान लागलाय ना!"

"मुलांची नावं कुठं आहेत?"

"नावं? तुमच्याच अक्षरातली प्रत होती हो. तीत कुठं होती नावं?"

"मला विचारायचं होतंत. चांगुणाला विचारायचं होतंत."

"आता सतरा ठिकाणी नावं म्हणजे पान किती गिचमिड दिसलं असतं. आणि मुलांनी एकट्यांनी थोडंच केलंय? तुम्ही शिकवलंत, मंडळानं छापलं."

"चित्रं तुमच्या सुनेनं काढली?"

"तिनं कागद निवडले, छापायला चित्रांचे ठसे करून घ्यायला तीच गेली. कुणाचं तरी नाव घालावं लागतंच ना." मग त्यांनी माझी समजूत घालायचा सूर लावला. "अहो माई, त्या मुलांचं काय? आज शाळेत आहेत, उद्या मागावर बसतील. त्यांना नावाचं काय कळतंय? त्यांना खाऊ मिळाला की झालं. पाच मुलींना स्वागतगीताला बोलावलंय आपण."

मी पासष्ट वर्षांत कुणाच्या घरात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. काय बोलले ते रोजनिशीत लिहिलेलं नाही. त्यांच्या झोपाळ्याच्या कड्या थांबल्या, एवढंच आठवतं. शेवटी त्या म्हणाल्या, "चिठ्ठी छापून चिकटवायला आता वेळ नाही. सोमवारी संध्याकाळी गाडी पाठवते, गठ्ठे देऊन टाका."

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर चांगुणाला पुस्तक दाखवलं. तिनं सगळी पानं उलटली. भुवयांचं चित्र आलं तिथं थांबली. मला वाटलं रडेल. तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो हात बाकावर आपटला.

"ह्यानं केलं. हाच गेला नंबरावर. मालकानं माझं फाडलं, मी पोरांचं लिहिलंच न्हाय."

"चूक माझीही आहे. आकडे मी गाळले."

"तुमची हायच," ती म्हणाली. आजवर मंडळात मला असं कुणी बोललं नव्हतं, आणि मला बरं वाटलं. "सोमवारी पोरं इचारतील. काय सांगू? छापलेलं फाडता येत न्हाय म्हनलं होतं मी."

आम्ही दोघी त्या लहान बाकांवर बसलो होतो. बाहेर माग चालू होते. ती कोऱ्या जागेवर बोट फिरवत होती.

"माई, पुस्तकं कुठं हायत?"

"माझ्या मधल्या खोलीत."

"किती वेळ?"

"सोमवार संध्याकाळपर्यंत."

तिनं पुस्तक मिटलं. "मग उद्या सकाळी पोरं घेऊन येते. आपापलं नाव आपापल्या हातानं लिवतील. छापलेलं न्हवं, पन फाडलं तर कविता पन फाटंल."

मी मंडळाची सभासद. गठ्ठे माझ्या विश्वासावर ठेवलेले. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये असं आयुष्यभर मानलं. त्या क्षणी मला एकच शंका आली: बॉलपेननं लिहायचं की शाईनं? मी म्हणाले, "शाईनं. बॉलपेन फिकं पडतं."

रविवारी आठ वाजता सोळा मुलं माझ्या व्हरांड्यात बसली. मी दौती आणि टाक काढून दिले. चांगुणानं त्यांना ओळीनं बसवलं, पुस्तक एका टोकानं शिरणार, प्रत्येक जण आपलं पान काढून सही करणार, टीपकागद लावणार आणि पुढं सरकवणार. पहिल्या पन्नास पुस्तकांत गंमत होती. मग बोटं दुखू लागली.

"बाई, माजं नाव लई लांब हाय, नुसतं भीमा लिवू?"

"बापाचं नाव गाळशील? पुरं लिव."

"बसव्वा, तुजा 'व्व' बघ, म्हशीवानी पसरलाय."

"तुज्या जागेत न्हाय ना आला? गप बस की."

"बाई, आमी मोटं झाल्यावर पन अशाच सह्या कराव्या लागत्यात का?"

"चांगलं काम केलं तर लागतात," चांगुणा म्हणाली.

बाळाबाईनं दुपारी मुलांना भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली आणि मला आत बोलावून हळूच विचारलं, "माई, ह्याच्यानं तुमास्नी तरास तर न्हाय हुनार?" मी म्हणाले, होऊ दे.

नवव्या पानावर पुस्तक आलं की ते न थांबता पुढं जाई. ते मनकर्णाचं पान. ती मंद्रूपला. दोन-तीनदा मी म्हणाले, "तिचं मी लिहिते. माझ्याकडे तिचं पूर्ण नाव आहे, तारीखही आहे."

"नको माई," चांगुणा म्हणाली. "अक्षर वाकडं असलं तरी चालंल, पन हात तिचा पायजे. तुमचं अक्षर सुरेख हाय, त्याच्यानंच एवढं झालं."

दिवे लागेपर्यंत दोनशे एकोणीस पुस्तकं झाली. सोमवारी मुलांची शाळा. संध्याकाळी गाडी आली आणि मी बाराही गठ्ठे पूर्वीसारखे सुतळीनं बांधून दिले. एक्याऐंशी पुस्तकं कोरीच गेली. ती कुणाच्या हातात पडली ठाऊक नाही.

बुधवारी सभागृह भरलेलं होतं. पाच मुलींना बोलावलं होतं. चांगुणा सोळाच्या सोळा घेऊन आली आणि मागच्या भिंतीला लावून उभी केली. पाहुण्यांना पुस्तकं वाटली गेली. काशीताई भाषणाला उठल्या, पुस्तक उघडलं आणि गोड आवाजात वाचू लागल्या, "थंडी आली की, बापाच्या भुवयांना, कापूस येतो." आणि वाचण्याच्या ओघात खालची निळी ओळही वाचून गेल्या, "बसव्वा गुरप्पा..."

"हजर बाई!" भिंतीकडून आवाज आला.

सभागृह हसलं. काशीताईंनी पान पाहिलं, पुढचं पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीवर ताठ बसले. वाटलं, आता बोलतील. बोलल्या त्या अशा: "आणि प्रत्येक बालकवीच्या स्वतःच्या हस्ताक्षरासह पुस्तक, ही अभिनव कल्पना आमच्या मंडळाची!"

टाळ्या पडल्या. मला तिथल्या तिथं उठून पुस्तक फेकावंसं वाटलं. मागं वळून पाहिलं तर चांगुणा तोंडाला पदर लावून हसत होती. मला अजून हसू येत नाही.

तेवढ्यात दारातून हिंदुराव आत आले, डोक्याला मुंडासं, पायांवर धूळ. एसटी उशिरा सुटली होती. बोटाला मनकर्णा. चांगुणानं तिला पुस्तक दिलं, नववं पान काढून दिलं. पोरीनं कविता पाहिली, खालची कोरी जागा पाहिली, आधीच्या पानावरचं भीमाचं नाव पाहिलं.

"माजं?"

चांगुणानं तिला सगळं सांगितलं, काही न लपवता, तिथंच उकिडवं बसून. मग मी उठले आणि माझं शाईचं पेन तिच्या हातात दिलं.

तिनं त्या एका पुस्तकात नाव लिहिलं. मला वाटलं, झालं. पण ती पेन परत देईना. व्यासपीठावर पाहुण्यांचं भाषण सुरू होतं. वर्गात कधी न बोलणारी ती मुलगी पहिल्या रांगेपाशी गेली आणि एका बाईंच्या मांडीवरच्या पुस्तकाला हात लावून म्हणाली, "जरा देता का? माजं नाव लिवायचं ऱ्हायलंय."

एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर, एका रांगेतून दुसऱ्या रांगेत. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. कौतुकानं पुस्तकं पुढं करू लागले. एका गृहस्थांनी आपलं पुस्तक छातीशी धरलं आणि म्हणाले, "खराब होईल." ती तशीच उभी राहिली, पेन हातात, टोपण काढलेलं. हिंदुराव दाराशी बसून पाहत होते. शेवटी त्या गृहस्थांच्या बायकोनं पुस्तक ओढून घेतलं आणि नववं पान काढून तिच्यापुढं धरलं.

लोक म्हणतात, किती छान झालं. दुसऱ्याच दिवशी मी मंडळाचा राजीनामा पाठवला; काशीताईंनी तो अजून स्वीकारलेला नाही. त्यांना पुढल्या वर्षी असंच पुस्तक हवं आहे. मला त्या पोरीची पाठ दिसते. दहा वर्षांच्या मुलीनं स्वतःचं नाव स्वतःच्या कवितेखाली लिहिण्यासाठी रांगेरांगेनं मागत फिरायचं, आणि आम्ही शिकलेल्या बायकांनी खुर्च्यांवर बसून ते पाहायचं.

मंडळाच्या आभाराच्या पत्रात चांगुणाचं नाव आलं, नुसतं 'चांगुणा' असं. मी ते पत्र परत पाठवलं आणि पाकिटावर लिहिलं: श्रीमती चांगुणा धोंडिराम शिवशरण, शिक्षिका. तेव्हापासून मी तिला बाई म्हणते. ती म्हणते, "माई, आता कशाला?" मी पुन्हा बाईच म्हणते.

बुधवारी, चौदा नोव्हेंबरला, रात्री रोजनिशीत कार्यक्रमाच्या चार ओळी लिहिल्या. त्यांच्या खाली शेवटची नोंद अशी आहे:

व्हरांड्याच्या फरशीवर रविवारचे शाईचे नऊ डाग. बाळाबाईनं चिंच लावून घासले. निघाले नाहीत.